शेगडीमागे फ्रेंच ग्रामीण धाटणीच्या टाइल्स: झिलईत करड्या रेषा उतरल्या

प्रश्न
शेगडीमागच्या १२० × ६० सेंमी भिंतीवर हाताने रंगवलेल्या १० × १० सेंमी टाइल्स लावायच्या आहेत. पांढऱ्या झिलईवर निळी-पिवळी फुलं, काहींवर गुलाबी. जाडी ८ ते १० मिमी, कमी-जास्त. एका टाइलवर करडं ग्राउट (टाइल्समधले सांधे भरायचा लगदा) लावून पाहिलं, तर पुसल्यावरही बारीक रेषांचं जाळं उरलं. टाइल्स परत कराव्यात का? आणि एकूण किती लागतील?

प्रतिसाद १
परत करू नका. थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली की तिला केसाएवढ्या भेगा पडतात. या टाइल्सची माती सच्छिद्र असते, त्यामुळे भेगेतून रंग आत शिरतो आणि मग निघत नाही. टाइलवर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. काही मिनिटांत खाली डाग गडद झाला, तर ग्राउटच्या आधी आत मुरणाऱ्या सीलरचे (छिद्रं बंद करणाऱ्या द्रवाचे) दोन हात द्या. ग्राउट झिलईच्याच रंगाचं घ्या, तेही वाळूविरहित; वाळूने चकाकीवर ओरखडे येतात. सांधा ३ मिमी. पुसायला आम्लयुक्त क्लीनर अजिबात नको.

जाडीतला फरक भिंतीवर दात्यांच्या थापीने चिकटा पसरून भागत नाही. प्रत्येक टाइलच्या पाठीलाही पांढऱ्या सिमेंटी चिकट्याचा थर द्या आणि लांब पट्टी टेकवून पातळी पाहा. ग्राउट दुसऱ्या दिवशी.

प्रतिसाद २
हिशेब: आडव्या ओळीत १० अखंड आणि दोन्ही टोकांना सुमारे ८.३ सेंमीच्या कापलेल्या. उभ्यात ५ अखंड ओळी, एक कापलेली. म्हणजे ७२, फुटतूट धरून ८० मागवा. ओट्याला लागणारा सांधा ग्राउटऐवजी सिलिकॉनने भरा.

प्रतिसाद ३
गुलाबी फुलांवरून बोट फिरवा. निळा कोबाल्टचा आणि पिवळा अँटिमनीचा रंग कच्च्या झिलईवर चढतो आणि तिच्याबरोबरच भाजतो, म्हणून टिकतो. नाजूक गुलाबी एवढं तापमान सोसत नाही. तो भाजलेल्या झिलईवर रंगवून कमी तापमानाच्या वेगळ्या भट्टीत पक्का करतात. बोटाला उंचवटा लागला, तर ती टाइल शेगडीच्या थेट मागे नको. तिथे रोज घासावं लागतं, आणि आधी तोच रंग झिजतो. अशा टाइल्स वरच्या ओळीत बसवा.

मूस्तिये किंवा देव्र या गावांतल्या जुन्या फ्रेंच टाइल्स मिसळणार असाल, तर त्यांच्या झिलईत शिसं असतं हे ध्यानात ठेवा. कोरड्या कापू नका, घासू नका. पाणी सोडणाऱ्या कटरवरच कापा.