मदत हवी आहे: लॅब्रॅडॉरच्या घरच्या बिस्किटांतल्या कॅलरी कशा कमी कराव्यात?

नसबंदी झालेली लॅब्रॅडॉर मादी, वय ५, वजन ३२ किलो. डॉक्टरांनी २८ वर आणायला सांगितलंय. २८ किलोच्या हिशेबाने (७० × वजनाचा ०.७५ घात) दिवसाला साधारण ८५० कॅलरी बसतात. खाऊ त्याच्या १० टक्के, म्हणजे फक्त ८५.

सध्याचा घाणा असा: नाचणीचं पीठ २०० ग्रॅम, उकडलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडं, दोन मोठे चमचे पीनट बटर (झायलिटॉल नसलेलंच; हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी असतो). एकूण साधारण ९३० कॅलरी आणि ४० बिस्किटं, म्हणजे एकात २३. तीन दिली की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला! भाजताना पाणी उडतं, कॅलरी नाही, त्यामुळे हलकं कुरकुरीत बिस्किट हमखास फसवतं.

पीनट बटर काढलं की १९० कॅलरी वाचतात, पण नाचणीत ग्लूटेन नसल्यामुळे लाटताना कडा फाटतात आणि भाजल्यावर भुगा होतो. भोपळा वाढवला तर मध्ये ओल राहते आणि पावसाळ्यात लगेच बुरशी धरते.

अर्धी कणीक घालावी, की भिजवलेली जवसाची पूड? दुसऱ्याने घट्टपणा येतो का? प्रमाण सांगा. काकडी-फरसबी ती आवडीने खाते, पण शिकवताना त्यासाठी थांबत नाही. उकडलेल्या चिकनचे तुकडे (५ ग्रॅम कच्चं, सुमारे ६ कॅलरी) ओव्हनमध्ये वाळवणाऱ्यांनी तापमान आणि वेळही कळवा.