सक्तीची भरती आक्रमक देशाला घरातून पोखरते का? रशिया, व्हिएतनाम आणि पोर्तुगाल (पाच जणांची चर्चा; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उत्तरवारा

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा बहुतेक रशियन घरांत ते युद्ध टीव्हीच्या पडद्यापुरतंच होतं. २१ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांनी आंशिक मोबिलायझेशनचा, म्हणजे राखीव सैनिकांना सक्तीने बोलावण्याचा, हुकूम काढला आणि ते एका दिवसात उंबरठ्यावर आलं. माझं म्हणणं असं: लोकांनी न मागितलेलं युद्ध आक्रमक देशाला सर्वांत जास्त कधी दुखतं, तर सरकारला नाव-पत्त्यानिशी माणूस मागावा लागतो तेव्हा. निर्बंध, महागाई, बदनामी हे सगळं लोक सोसतात. दारावर आलेला समन्स सोसत नाहीत.

तेव्हा काय झालं ते पाहा. संरक्षणमंत्री शोइगू यांनी ३ लाख राखीव सैनिकांचा आकडा सांगितला, पण हुकमाच्या जाहीर प्रतीतून सातवा परिच्छेद गाळलेला होता. त्यामुळे खरा आकडा याहून मोठा आहे, असा संशय पहिल्याच दिवशी पसरला. किती माणसं आणि कधीपर्यंत, हे संरक्षण मंत्रालय ठरवणार आणि ती आणून देणार प्रांतांचे गव्हर्नर, अशी रचना होती. भरती कार्यालयांतल्या नोंदी मात्र जुन्या आणि बऱ्याचशा कागदी. कोटा डोक्यावर, मुदत जवळ आणि यादी चुकीची, असं झालं की कारकून जो सापडेल त्याला उचलतो. सापडतो कोण? नोंदवलेल्या पत्त्यावरच राहणारा, खेड्यातला, कारखान्यात हजेरीवर असलेला. वय उलटलेले, आजारी, कधी लष्करात न गेलेले असेही लोक नेले गेले. २९ सप्टेंबरला खुद्द पुतिन यांना चुका दुरुस्त करा, असं जाहीरपणे सांगावं लागलं.

दागेस्तानात मखाचकला इथे बायका रस्त्यावर उतरल्या. उस्त-इलिम्स्कच्या भरती कार्यालयात गोळीबार झाला. दोन आठवड्यांत २ लाखांहून जास्त रशियन कझाकस्तानात शिरले. लेवादा या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत पुतिन यांच्या कामाला पसंती देणारे ऑगस्टमध्ये ८३ टक्के होते, ते सप्टेंबरात ७७ वर आले. २८ ऑक्टोबरला मोबिलायझेशन पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि नंतरची दोन वर्षं माणसं कमी पडूनही दुसरी फेरी काढली गेली नाही. मला यात सरकारची भीती दिसते.

रोखठोक

घटना बरोबर मांडल्या आहेत, निष्कर्ष पटत नाही. आपण पळून गेलेल्यांचा आकडा विरोधाच्या खात्यात घातला आहे. जो देश सोडतो तो सरकारवरचा दाब वाढवत नाही, कमी करतो. चिडलेला, शिकलेला, हातात थोडा पैसा असलेला तरुण व्हेर्खनी लार्सच्या नाक्यावरून जॉर्जियात गेला, म्हणजे मॉस्कोच्या चौकातून एक माणूस वजा झाला.

जे मागे राहिले त्यांच्यासाठी कायदे तयार होते. ४ मार्च २०२२ ला सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवण्याचं कलम आलं, शिक्षा १५ वर्षांपर्यंत. २४ सप्टेंबरला, हुकमानंतर तीनच दिवसांनी, मोबिलायझेशनच्या काळातल्या पलायनाची शिक्षा वाढली आणि स्वेच्छेने शरण जाणं हा १० वर्षांपर्यंतच्या कैदेचा वेगळा गुन्हा झाला.

सरकार त्या चुकांमधून शिकलंही. २०२२ मध्ये समन्स हातात देऊन सही घ्यावी लागे, म्हणून दार न उघडणं किंवा दुसरीकडे राहणं पुरत होतं. हजर न राहिल्याचा दंड फार तर ३,००० रुबल. एप्रिल २०२३ च्या कायद्याने समन्स इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत टाकला की सात दिवसांनी तो मिळाला असं धरलं जातं. देश सोडायला लगेच बंदी. २० दिवसांत हजर झाला नाही तर गाडी चालवणं, घराची नोंदणी, कर्ज, सगळं बंद. दंड ३०,००० पर्यंत गेला. १ जानेवारी २०२४ पासून नियमित भरतीची वयोमर्यादा २७ वरून ३० झाली. ती नोंदवही प्रत्यक्षात चालू व्हायला बराच वेळ लागला हे खरं, पण दिशा स्पष्ट आहे. घाबरलेलं सरकार मागे हटतं. इथे त्याने फास घट्ट केला.

हिशेबनीस

तुमच्या दोघांच्याही मांडणीत पैसा नाही, आणि २०२३ नंतरचं घरातलं युद्ध पैशाचंच आहे.

सक्तीऐवजी खरेदी, हा रस्ता निवडला गेला. स्वेच्छेने लष्करी कंत्राटावर सही करणाऱ्याला केंद्राकडून १,९५,००० रुबल मिळत, ते ऑगस्ट २०२४ पासून ४ लाख झाले. त्यावर प्रांतांची रक्कम वेगळी. मॉस्कोने जुलै २०२४ मध्ये एकट्याने १९ लाख देऊ केले. लगेच प्रांताप्रांतांत बोली लागली. गरीब प्रांताचा माणूस श्रीमंत प्रांतात जाऊन सही करतो, मग गरीब प्रांताला स्वतःचा कोटा भरायला रक्कम वाढवावी लागते आणि ती शाळा-रस्त्यांच्या पैशातून येते. १ डिसेंबर २०२४ पासून नव्याने सही करणाऱ्यांचं १ कोटी रुबलपर्यंतचं थकीत कर्ज माफ करण्याचीही सोय झाली.

दुसरी बाजू कारखान्यांची. माणसं आघाडीवर गेली, काही देशाबाहेर गेली आणि शस्त्रकारखाने तीन पाळ्यांत चालू लागले. २०२४ अखेर बेकारी २.३ टक्के होती. ऐकायला छान, पण अर्थ एवढाच की कामाला माणूस मिळत नाही. मजुरी वर, मागोमाग किंमती वर. मध्यवर्ती बँकेला ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. २०२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला १३.५ लाख कोटी रुबल, म्हणजे केंद्राच्या खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

म्हणून उत्तरवारा यांचं 'महागाई लोक सोसतात' हे वाक्य मला खटकतं. भरतीचा धक्का एका महिन्यात दिसतो, पैशाचा दिसायला वर्षं लागतात. पण भरती टाळण्याची ही किंमत आहे आणि ती प्रत्येक घर भरतं.

पानगळ

सक्तीच्या भरतीत लोकांना सर्वांत जास्त काय चिडवतं, हे समजायला अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाकडे जावं लागेल. माझ्या मते उत्तर: सूट. कोण गेला यापेक्षा कोण सुटला, हे लोक जास्त लक्षात ठेवतात.

२८ जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी महिन्याची भरती १७,००० वरून ३५,००० केली आणि राखीव दलांना मात्र बोलावलं नाही. राखीव सैनिक म्हणजे नोकरीधंद्यातली, गावात वजन असलेली माणसं. त्यांना हलवलं तर अख्खं गाव प्रश्न विचारतं. परिणाम उलटा झाला. राखीव दल आणि नॅशनल गार्ड ही युद्ध टाळण्याची जागा बनली, तिथे प्रतीक्षायादी लागू लागली. कॉलेजात शिकणाऱ्याला २-एस वर्ग, म्हणजे भरती पुढे ढकललेली. ओळखीचा डॉक्टर असेल तर प्रकृतीचं कारण. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनी बुद्धिचाचणीची पात्रता खाली आणली आणि तीन लाखांहून जास्त पोरं त्या दाराने आत घेतली गेली. निर्णय स्थानिक भरती मंडळांच्या हातात होता, त्यामुळे सारख्याच मुलाला एका गावात सूट आणि शेजारच्या गावात बोलावणं असंही होई.

रशियातही हेच झालं. २३ सप्टेंबर २०२२ ला आयटी, दूरसंचार, बँका आणि मोठी माध्यमं इथल्या ठरावीक कर्मचाऱ्यांना सूट जाहीर झाली. यादी मालकाने द्यायची. म्हणजे नोकरी सोडली की सूट गेली. पगार कमी असो, साहेब छळो, माणूस जागचा हलत नाही. ही वेठ झाली, आणि ती आघाडीपासून हजारो किलोमीटर दूर, कचेरीत.

रोखठोक

पानगळ यांच्या मुद्द्यानेच माझी बाजू भक्कम होते. अन्याय दुरुस्त केला की भरतीचा विरोध विरतो आणि युद्ध चालूच राहतं. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला कोणाला आधी बोलवायचं याची सोडत काढली. जन्मतारखांच्या ३६६ कॅप्सूल, पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९७० साठी १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं. त्यापुढचा नंबर लागलेला तरुण एका रात्रीत मोकळा झाला. पुढे भरतीच कमी करत नेली आणि कॅम्पसवरचा जोर ओसरत गेला. बॉम्बफेक मात्र डिसेंबर १९७२ मध्येही चालू होती.

पानगळ

सोडतीनंतर पाचच महिन्यांनी, ४ मे १९७० ला, केंट स्टेट विद्यापीठात चार विद्यार्थी गोळीबारात मेले आणि देशभर कॉलेजं बंद पडली. अमेरिकेने कंबोडियात सैन्य घुसवल्यावर हा भडका उडाला. सोडतीने राग विरला असता तर हे झालं नसतं. शिवाय सोडतही निर्दोष नव्हती: कॅप्सूल महिन्यांच्या क्रमाने टाकल्या, नीट मिसळल्या नाहीत, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. नशिबाचा खेळ म्हणून मांडलेली गोष्टसुद्धा न्याय्य झाली नाही.

भरती कमी झाल्यावर विरोध कमी झाला, एवढं मान्य. पण भरती कमी का करावी लागली? ती राजकीयदृष्ट्या चालवता येईना म्हणून. १९७३ मध्ये बंदच केली.

ताम्रपट

रस्ता आणि कॉलेज यांच्याच भोवती चर्चा फिरते आहे. सक्तीची भरती सरकारला पाडते ती कधी कधी छावणीतून. पोर्तुगाल वसाहती टिकवण्यासाठी आफ्रिकेत लढत होता: १९६१ पासून अंगोलात, पुढे गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) आणि मोझांबिक धरून तीन आघाड्यांवर. तरुणांना एकूण चार वर्षांपर्यंत वर्दीत राहावं लागे. लाखो लोक फ्रान्सकडे गेले, काही कामासाठी, काही भरती चुकवायला. लिस्बनच्या लष्करी अकादमीच्या जागाही भरेनात, म्हणून कॅप्टन कमी पडू लागले.

जुलै १९७३ मध्ये सरकारने फरमान ३५३/७३ काढलं: सक्तीने घेतलेल्या अधिकाऱ्यांना दोन सत्रांच्या अभ्यासक्रमानंतर कायम सेवेत घ्यायचं आणि त्यांची आधीची सेवा ज्येष्ठतेत मोजायची. कागदावर साधी प्रशासकीय दुरुस्ती. पण अकादमीतून पूर्ण शिकून आलेले, आफ्रिकेत दोन-तीन फेऱ्या केलेले कॅप्टन यात मागे पडणार होते. सप्टेंबरात त्यांची पहिली मोठी बैठक झाली. सुरुवात बढतीच्या तक्रारीने झाली, काही महिन्यांत विषय युद्धावर आणि मग राजवटीवर गेला. सरकारने फरमान मागे घ्यायला सुरुवात केली तोवर उशीर झाला होता. २५ एप्रिल १९७४ ला त्याच कॅप्टनांनी राजवट उलथवली.

म्हणून रोखठोक, मोर्चे किती मोठे होते यावर सरकारचा धोका मोजू नका. भरती आटली की भार कोणाच्या खांद्यावर सरकतो, ते पाहा.

उत्तरवारा

ताम्रपट, हा दुवा माझ्या मांडणीत नव्हता. दारावरचा समन्स हाच सर्वांत मोठा घाव, हे वाक्य मी मागे घेतो.

पण रशियात तो खांदा कोणाचा, हेही दिसतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नेलेल्यांना परतीची तारीखच नाही. हुकमानुसार सुटका तीनच कारणांनी: वयाची मर्यादा, प्रकृती किंवा कैदेची शिक्षा. कंत्राट संपलेले सैनिकही त्यातच अडकले. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांच्या बायकांनी 'पूत दमोय', म्हणजे 'घरची वाट', या नावाने परतीची मागणी सुरू केली. पांढरे रुमाल बांधून त्या क्रेमलिनच्या भिंतीलगत अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फुलं वाहत. यातल्या अनेकींचा सुरुवातीला युद्धाला विरोधही नव्हता. त्या फक्त आळीपाळी मागत होत्या: आमचा माणूस वर्षभर लढला, आता दुसऱ्याने जावं. सरकार यावर उत्तर देऊ शकलं नाही, कारण दुसरा आणायचा म्हणजे नवा समन्स. मे २०२४ मध्ये त्या चळवळीवर 'परकीय हस्तक' हा शिक्का मारला.

हिशेबनीस

आणि त्या बायकांच्या प्रश्नाला पैशाचं उत्तरही नाही. २०२२ मध्ये नेलेल्याला तेव्हा महिना किमान १,९५,००० रुबल पगार ठरला होता, पण सही करताना मिळणारी मोठी रक्कम त्याला मिळालेली नाही. त्याच खंदकात शेजारी बसलेला २०२४ चा कंत्राटी ती घेऊन आला आहे. जुन्याला सोडायचं तर त्याच्या जागी नवा विकत घ्यावा लागेल, आणि रक्कम कमी केली तर सह्या घटतात. म्हणून जो सक्तीने आणला तोच सर्वांत स्वस्त ठरतो, आणि तोच सर्वांत शेवटी सुटेल.