मदत हवी आहे: थ्रीडी ग्रिडवर न्यूटन मेथड फार स्लो, काय करू?

मंडळी, उष्णतावहनाचं स्थिर समीकरण थ्रीडीत सोडवतोय, कंडक्टिव्हिटी तापमानाप्रमाणे बदलते म्हणून सगळं नॉनलिनिअर, ग्रिड 100×100×100 म्हणजे दहा लाख अननोन. न्यूटन (अंदाज स्टेप-स्टेपने सुधारत नॉनलिनिअर समीकरणं सोडवणारी मेथड) कन्व्हर्ज होतो, म्हणजे उत्तरावर पोचतो, तिथे तक्रार नाही, सगळं रडगाणं आतल्या लिनिअर सॉल्व्हचं, म्हणजे दर स्टेपला सोडवाव्या लागणाऱ्या लिनिअर समीकरणांचं आहे. जॅकोबियनच्या (त्या समीकरणांच्या डेरिव्हेटिव्हची मॅट्रिक्स) एका ओळीत फार तर 7 नॉनझीरो, पण एलयू (मॅट्रिक्सचे दोन त्रिकोणी भाग पाडून थेट सोडवणं) करायला घेतलं की फिल-इन, म्हणजे शून्यांच्या जागी येणारे नवे आकडे, एवढं वाढतं की रॅमच संपते. टूडीत हाच कोड मस्त पळतो. (थ्रीडीत ऑर्डरिंग (अननोनचा क्रम) कितीही चांगलं केलं तरी एलयूचा खर्च साधारण अननोनच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ‘मोठं मशीन घ्या’ हा सल्ला प्लीज नको.)

मग जॅकोबियन न साठवता जीएमआरईएस (लिनिअर समीकरणं इटरेशनने सोडवणारी मेथड) लावलं. त्याला फक्त जॅकोबियन गुणिले व्हेक्टर लागतो आणि तो फंक्शन जरासं सरकवून परत मोजलं की फरकावरून मिळतो. मेमरीचा प्रश्न मिटला, पण ग्रिड बारीक केली की आतली इटरेशन्स वाढतच जातात, दर 30 ला रीस्टार्ट (साठवलेले व्हेक्टर टाकून पुन्हा सुरुवात) ठेवलाय तर रेसिड्युअल, म्हणजे समीकरणात उरलेली चूक, हलतच नाही. नुसत्या डायगोनलचा प्रीकंडिशनर (इटरेशन्स कमी व्हाव्यात म्हणून वापरायची सोपी, जवळपासची मॅट्रिक्स) लावून काडीचा फरक पडला नाही. आतला टॉलरन्स (कितपत चूक चालेल ती मर्यादा) 10^-10 आहे. आता आयएलयू (फिल-इन टाकून दिलेलं अर्धवट एलयू) लावू, मल्टिग्रिड (जाड-बारीक ग्रिड मिळून वापरणारी पद्धत) लावू की सरळ ब्रॉयडनकडे (जॅकोबियन अंदाजाने चालवणारी न्यूटनची बहीण) वळू?

प्रतिसाद:

ब्रॉयडन राहू द्या, तुमचं दुखणं लिनिअर सॉल्व्हमध्ये आहे.

आधी तो 10^-10 काढा. उत्तर अजून लांब असताना न्यूटनची दिशाच ढोबळ असते, ती दहा अंकांपर्यंत अचूक काढून उपयोग काय? सुरुवातीला सापेक्ष 0.1 पुरतं, बाहेरचा रेसिड्युअल उतरेल तसं कडक करत जा, आयझेनस्टॅट आणि वॉकर यांचे 1996 चे फॉर्म्युले नेमके यासाठीच आहेत.

प्रीकंडिशनरसाठी कंडक्टिव्हिटीच्या डेरिव्हेटिव्हची टर्म गाळून मॅट्रिक्स बनवा. ती सिमेट्रिक येते, आणि बाउंड्रीवर कुठेतरी तापमान फिक्स असेल तर पॉझिटिव्ह डेफिनिटही (सगळ्या आयगेनव्हॅल्यू धन), म्हणजे अल्जिब्राइक मल्टिग्रिडला (जाड ग्रिड मॅट्रिक्सवरूनच बनवणारं मल्टिग्रिड) अगदी हवी तशी. आयएलयू इथे फार पुरणार नाही, ग्रिड बारीक झाली की त्याचीही इटरेशन्स चढतात. आणि ही मॅट्रिक्स प्रत्येक न्यूटन स्टेपला नव्याने बनवत बसू नका, दोन-चार स्टेप जुनीच वापरा. प्रीकंडिशनर शिळा झाला तरी उत्तर बदलत नाही, फक्त जीएमआरईएसला चार इटरेशन्स जास्त लागतात.

जॅकोबियन गुणिले व्हेक्टर काढताना तो सरकवायचा आकडा किती ठेवलाय? तापमान केल्विनमध्ये असेल आणि तिथे सरळ 10^-8 टाकला असेल तर राउंडऑफनेच (कॉम्प्युटरच्या मर्यादित अंकांमुळे होणारी चूक) व्हेक्टर खराब होतोय, व्हेरिएबल्स 1 च्या आसपास स्केल करून घ्या. दर न्यूटन स्टेपचा रेसिड्युअल आणि जीएमआरईएसचा काउंट इथे टाका, मग पुढचं बघू.