मध्यम पातळीवरील जर्मन आणि समाजाचा अभ्यास
जर्मन भाषेच्या अभ्यासक्रमात बी-१ या मध्यम पातळीवर जर्मन समाजाचा परिचय करून देणाऱ्या तासिका कमी करून त्या व्याकरणाला द्याव्यात, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. व्याकरणाचा सराव अपुरा पडतो ही तक्रार रास्त आहे. परंतु या पातळीवरचे काही व्याकरण समाज समजल्याशिवाय उमगतच नाही. जर्मन वृत्तपत्रांत वापरला जाणारा कोन्युंक्टिव्ह १, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे सांगताना येणारे क्रियापदाचे रूप, हे त्याचे ठळक उदाहरण. मंत्र्याचे विधान उद्धृत करताना बातमीदार क्रियापदाचे हे रूप योजतो आणि दावा त्या मंत्र्याचा आहे, त्याच्या खरेपणाची हमी आपण देत नाही, हे दरवेळी वेगळे न सांगता सूचित करतो. आमच्या वर्गात या रूपांचे तक्ते सर्वांना पाठ होते, तरीही संसदेतील चर्चेची बातमी वाचताना कोणते वाक्य कोणत्या पक्षाची भूमिका सांगते हे बहुतेकांना ओळखता येईना. आघाडी सरकारची पद्धत आणि बुंडेस्टागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, कामकाज प्राध्यापकांनी समजावल्यावरच तो उतारा उलगडला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खुद्द जर्मनीतही स्थलांतरितांसाठीच्या सर्वसाधारण एकात्मता अभ्यासक्रमात भाषेच्या ६०० तासिकांबरोबर राज्यव्यवस्था, इतिहास आणि समाज यांसाठी १०० तासिका ठेवलेल्या आहेत. नागरिकत्वासाठी तर सामान्यतः बी-१ पातळीच्या जोडीला ३३ प्रश्नांची चाचणी द्यावी लागते आणि त्यांपैकी किमान १७ उत्तरे बरोबर यावी लागतात.