काळ्या एचएफ गाईला तांबडी कालवड: कांडी चुकली का?

सिन्नर_गोठा
गाय काळी-बांडी (काळ्यावर पांढरे पट्टे), संकरित एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन, तिसरं वेत. आधीची दोन्ही वासरं काळी-बांडी. या वेळी वळूही काळा-पांढरा एचएफच, पण कालवड झाली तांबडी-पांढरी. पहिल्या कांडीनंतर (कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी) २१ दिवसांनी गाय उलटली, पुन्हा माजावर आली, म्हणून दुसरी भरली, त्यानंतर २७९ दिवसांनी व्यायली. बघणारे म्हणतात, जर्सीची कांडी भरली. रेतन करणाऱ्याशी भांडायच्या आधी विचारतो: काळ्यांच्या पोटी तांबडं येतं का? आणि हिला भाव कमी येईल का?

रेतन_नोंदवही
येतं की. काळा रंग जोरकस, तांबडा दबून राहणारा. जनावराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. त्यातली एक काळी असली तरी जनावर काळंच दिसतं. गाय आणि वळू दोघांतही तांबडी प्रत लपलेली असेल, तर दर वेताला ४ पैकी १ शक्यता तांबड्याची. आधीची दोन काळी झाली यावरून काही ठरत नाही. जोडीत तांबडा लपलेला असूनही सलग दोन काळी होण्याची शक्यता ५६ टक्के असते, सलग तीन होण्याची ४२.

जर्सीचं म्हणाल तर कालवडीच्या शेपटीचा गोंडा आणि नाकाडाभोवतीचे केस उजेडात बघा. दोन्ही प्रती तांबड्या असल्या तर अंगावर काळा केस सापडत नाही, एचएफमध्ये नाकाडही बहुधा गुलाबट असतं. जर्सीच्या अंगात काळं रंगद्रव्य बंद पडलेलं नसतं, म्हणून गोंडा काळपट, नाकाड काळं आणि त्याभोवती फिकट कडं. शिवाय काळ्या एचएफला जर्सी भरली तरी वासरू बहुतेकदा काळंच होतं. म्हणजे जर्सीची कांडी धरली तरी गाईत काहीतरी लपलेलं असावंच लागतं. बघणारे हे विसरतात.

तारखांत गोंधळ नाही. २७९ दिवस म्हणजे दुसरी कांडी राहिली. दुसरीनंतर २५८ दिवसांतच पुऱ्या वाढीचं वासरू आलं असतं तर पहिली राहिली होती आणि नंतरचा माज खोटा होता. गाभण गाईही कधीमधी माज दाखवतात.

आता वळूचा क्रमांक काढा. तो कांडीवर छापलेला असतो, आणि गाईच्या १२ अंकी बिल्ल्यावर रेतनाची नोंद केली असेल तर तिथेही सापडेल. वळूंच्या यादीत नावापुढे ‘आरसी’ असेल तर तो तांबडा वाहतो, ‘टीआर’ असेल तर तपासून तांबडा नाही असं ठरलेलं. टीआर वळू आणि काळी गाय यांना तांबडं होत नाही. तसं निघालं तरच डीएनएने बाप तपासायचा: शेपटीचे २०-३० केस मुळासकट उपटून. कापलेले चालत नाहीत, तपासणी मुळावरच होते. यापुढे रिकामी कांडी फेकू नका, तारीख लिहून पिशवीत ठेवा.

पांढरा_टिळा
रंगाचं आणि बांडेपणाचं गणित वेगळं, लोक दोन्हींची खिचडी करतात. एकसलग रंग जोरकस, एचएफचे पांढरे पट्टे दबणारे. एकरंगी गीर गाईला एचएफ भरली की पहिली पिढी बहुतेक काळी. पांढरं असलंच तर पोटाखाली, कासेवर, कपाळावर टिळ्याएवढं. त्या कालवडीला पुन्हा एचएफ भरली की साधारण निम्मी वासरं बांडी. बाजारात पांढरं बघून ‘इतके टक्के एचएफ’ सांगतात, ते थापच समजा. दोन सख्ख्या बहिणींत एक बांडी, एक काळीकुट्ट असू शकते, रक्त दोघींचं तेवढंच.

डांगी या आपल्याकडच्या देशी जातीचे ठिपके मात्र या हिशेबात ओढू नका. आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात डांगीवर एचएफ भरूच नये असं माझं मत. तिच्या कातडीला जो तेलकटपणा आहे, तोच तिला त्या पावसात टिकवतो.

वळू_तपासणी
मांसासाठी जनावरं पाळणाऱ्या देशांत हाच हिशेब थेट पैशाचा आहे. अमेरिकेत १९७८ पासून चालणाऱ्या ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ या मांसाच्या ब्रँडमध्ये (अँगस ही मांसासाठीची काळी जात) जनावराचं निम्म्याहून जास्त अंग काळं लागतं. म्हणून दोन्ही प्रती काळ्या असलेल्या वळूला तिथे मागणी, आणि सिमेंटल, लिमोझिनसारख्या मूळच्या तांबूस जातींतही अँगसचं रक्त घालून काळ्या ओळी तयार केल्या. डीएनए नव्हतं तेव्हा वळू तांबड्या गाईंवर लावून बघत. तांबडा लपलेला असूनही सलग ५ वासरं काळी होण्याची शक्यता सुमारे ३ टक्के, ७ ची १ टक्क्याच्या आत. एक जरी तांबडं पडलं की निकाल लागला.

सगळेच रंग असे दबत नाहीत. शॉर्टहॉर्नमध्ये तांबडा आणि पांढरा मिळून करडं-मिश्र केसांचं वासरू होतं. दोन मिश्र जनावरं जुळवली तर तांबडं, मिश्र, पांढरं १:२:१. शारोले जातीचा वळू रंग फिका करतो, काळ्या अँगसवर लावला की धुरकट वासरं.

सिन्नर_गोठा
गोंड्यात एकही काळा केस नाही, नाकाड गुलाबी. दोन्ही कांड्या एकाच वळूच्या, नावापुढे आरसी.

रेतन_नोंदवही
मग भांडण नको, भाऊ. वळूत आहे आणि तुमच्या गाईतही आहे. कालवडीच्या दोन्ही प्रती तांबड्या. तिला टीआर काळा वळू भरला तर सगळी वासरं काळी, पण प्रत्येकात तांबडा लपलेला; आरसी भरला तर निम्मी तांबडी. दुधाचा या रंगाशी संबंध नाही, भाव पाडायला लागले तर आईच्या दुधाची वही पुढे करा.

एक मात्र वेगळं ओळखा. काळं जन्मलेलं वासरू तीन-चार महिन्यांनी डोळ्यांभोवती तांबूस पडायला लागलं, केस राठ झाले, तर ते जनुक नव्हे, अंगातलं तांबं कमी पडतंय. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असलं तर चाऱ्यातलं तांबं अंगी लागत नाही. आधी पाणी तपासा, मग डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण चालू करा.