क्योतोमधल्या हिगाशियामाच्या जुन्या गल्ल्यांचे फोटो : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आईला घेऊन क्योतोला जातेय. मी टोकियोत असते, आई पुण्याहून येतेय. तीन दिवसांतल्या दोन पहाटा मला हिगाशियामासाठी राखायच्या आहेत. कियोमिझुदेरा हे देऊळ, तिथून खाली सान्नेनझाका आणि निनेनझाका या उताराच्या जुन्या गल्ल्या, यासाकाचा पाच मजली पॅगोडा आणि जमलं तर गिओन हा गेइशांचा जुना भाग.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये एकटीच गेले होते. ते फोटो पाहिले की अजून हळहळ वाटते. सकाळी दहाला पोचले, तर सान्नेनझाकाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आकाश पांढरंफटक आलं आणि पाख्यांखालचं सगळं काळं. त्या घरांची खरी शोभा तर वळचणीखालीच असते. बारीक उभ्या पट्ट्यांच्या लाकडी जाळ्या, भिंतीच्या पायथ्याशी बांबू वाकवून केलेलं कुंपण (त्याला इनुयाराई म्हणतात), दारावरचा कापडी पडदा. यातलं एकही नीट आलं नाही. पॅगोडा तर मागे कलल्यासारखा दिसतोय.

आणखी एक गोष्ट मनात राहून गेलीय. एका बोळात दारापुढच्या कुंड्यांचा फोटो घेतला, तेवढ्यात दार उघडून एक आजी बाहेर आल्या आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. मी माफी मागून त्यांच्यासमोरच फोटो पुसला. हा भाग १९७६ पासून जुन्या वास्तूंचा संरक्षित परिसर आहे, पण तिथे माणसं राहतात, त्यांची रोजची झाडलोट, धुणीभांडी असतात, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

तर कुठे, किती वाजता उभं राहावं आणि कॅमेरा कुठे आत ठेवावा, हे तिथे जाऊन आलेल्यांनी सांगावं. कॅमेरा निकॉनचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) आहे, १८-१४० मिमीची झूम आणि ३५ मिमी एफ १.८ अशा दोन लेन्स आहेत. ट्रायपॉड नेणार नाही. आईचे गुडघे दुखतात, तेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १

आधी दिशा पाहा. पॅगोडाकडे जाणारा यासाका-दोरी रस्ता पश्चिमेकडून पूर्वेला चढत जातो. पहाटे खालून फोटो घेतलात तर सूर्य पॅगोडाच्या मागून येणार. हिगाशियामा म्हणजेच पूर्वेचे डोंगर, त्यामुळे सूर्योदय साडेसहाला झाला तरी ऊन गल्लीत उतरायला बराच वेळ लागतो. तुमच्या कामाची वेळ नेमकी ती. आकाश आणि वळचण यांच्या उजेडातला फरक तेव्हा कमी असतो, दोन्ही एका फोटोत मावतात. रॉ मध्ये (म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या, आकाश पांढरं पडणार नाही इतकं एक्स्पोजर कमी ठेवा आणि काळे भाग नंतर संगणकावर उजळा. ३५ ची लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, हात भिंतीला टेकवून.

पॅगोडा कलतो, कारण तो ४६ मीटर उंच आहे आणि जवळून घेताना कॅमेरा वर करावा लागतो. वरच्या अंगाला, निनेनझाकाच्या बाजूला जा. तिथून कॅमेरा जवळजवळ सरळ धरून, ७०-८० मिमीवर झूम करून घेता येतो. १४४० साली पुन्हा बांधलेला आहे तो. घाईत एक फोटो काढून निघू नका, दहा मिनिटं नुसतं बघा.

कियोमिझुदेरा सकाळी सहाला उघडतं. तिथल्या प्रसिद्ध लाकडी सज्जाचा फोटो सज्जावरून येत नाही, समोर ओकुनोइन या देवळाच्याच दुसऱ्या इमारतीपाशी जावं लागतं.

प्रतिसाद २

गिओनबद्दल. हानामिकोजीच्या मुख्य रस्त्यावर खुशाल फिरा, पण आजूबाजूच्या खासगी बोळांत एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे. फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला दिसेल. संध्याकाळी कामाला निघालेल्या माइको (शिकाऊ गेइशा) दिसल्या तर वाट सोडून उभ्या राहा. जवळच्या इशिबे-कोजी या गल्लीत फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत. कॅमेरा पिशवीत घालून ती गल्ली चालून या, फार सुंदर आहे.

तुम्ही म्हणता त्या लाकडी जाळीची एक गंमत आहे. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. म्हणजे तुम्ही जाळीचा फोटो घेत असता तेव्हा आतलं माणूस तुम्हाला बघत असू शकतं. हे कळल्यापासून मी घराच्या अगदी समोर उभा राहत नाही, रस्त्याच्या कडेनं तिरका फोटो घेतो. ओळीनं येणाऱ्या जाळ्या तशा जास्त छान दिसतात.

आईंना सान्नेनझाकाच्या पायऱ्या उतरायला लावू नका, उतरताना गुडघ्यांवर जास्त जोर येतो. कोदाइजी देवळाच्या पायथ्याचा नेने-नो-मिची हा रस्ता सपाट आहे. नेने म्हणजे सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याची पत्नी, तिनं नवऱ्याच्या स्मरणार्थ १६०६ मध्ये ते देऊळ बांधवलं. आईंना ही गोष्ट नक्की आवडेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. जाळीचं वाचून ती आजी दार उघडायच्या आधीपासून मला बघत असतील, हे आत्ता कळलं. पहिली पहाट पॅगोडा आणि नेने-नो-मिची आईबरोबर, दुसऱ्या पहाटे कियोमिझु मी एकटी. पाऊस असला तर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावू का?

प्रतिसाद १

काढून ठेवा. ओल्या फरसबंदीवर कंदिलाचा उजेड पडतो, पोलरायझरनं नेमका तोच जाईल. आणि चपला घसरणाऱ्या नकोत.