पुल टेस्टमध्ये उत्तीर्ण झालेले क्रिम्प वापरात गरम का होतात?

अभिकल्पक (प्रश्न):

नमस्कार. एका मोटर-नियंत्रकाच्या हार्नेसचे (टर्मिनल लावलेल्या तारांच्या जुडग्याचे) डिझाइन सध्या माझ्याकडे आहे. तार तांब्याची, बहुतंतू, २.५ चौरस मिमीची आहे. टर्मिनल ६.३ मिमीच्या पात्यावर बसणारे, उघड्या बॅरलचे (तार धरणारी नळी वरून उघडी असलेले), कथलाचा मुलामा दिलेल्या पितळेचे आहे. सतत वाहणारा प्रवाह १८ अँपिअरच्या आसपास असतो. आयईसी ६०३५२-२ या मानकात २.५ चौरस मिमीच्या तारेसाठी किमान २३० न्यूटन ओढ सहन व्हावी असे म्हटले आहे आणि आमचे नमुने २७० न्यूटनच्या पुढेही टिकतात. असे असूनही काही महिने चाललेल्या यंत्रांतून परत आलेल्या हार्नेसपैकी काहींमध्ये टर्मिनललगतचे इन्सुलेशन कडक होऊन तपकिरी पडले आहे आणि हाउसिंगचा नायलॉन एका बाजूने मऊ होऊन बसल्यासारखा दिसतो.

मल्टिमीटरने पाहिल्यास चांगल्या आणि खराब टर्मिनलमध्ये काहीच फरक कळत नाही. सहकाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे असे, की क्रिम्प, म्हणजे बॅरल तारेवर दाबून केलेली जोडणी, आणखी घट्ट दाबावा. दुसऱ्याचे म्हणणे असे, की क्रिम्प केल्यावर वरून डाख (सोल्डर) द्यावा म्हणजे प्रश्नच मिटेल. ओढ सहन करण्यात जोडणी कुठेही कमी पडत नसताना ती गरम का व्हावी आणि या दोन उपायांपैकी कोणता योग्य, हे समजून घ्यायचे आहे.

ऐरण:

पुल टेस्ट जोडणीला एकच प्रश्न विचारते: तार बॅरलमधून निसटते का? प्रवाह तंतूंमधून बॅरलमध्ये किती सहजतेने जातो आणि तो तसाच वर्षानुवर्षे जात राहील का, याबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. आपल्या जोडणीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले आहे. दुसरा प्रश्न तिला अजून कोणी विचारलेलाच नाही.

क्रिम्पमध्ये नेमके काय घडते ते पाहू. दाबयंत्राचा पंच खाली येतो तेव्हा बॅरलचे दोन्ही पंख आत वळून तंतूंमध्ये शिरतात आणि तंतू ऐरणीवरच्या पत्र्याशी दाबले जातात. आधी तंतूंमधल्या मोकळ्या जागा बुजतात. त्यानंतर तांबे खऱ्या अर्थाने वाहू लागते, गोल तंतू षटकोनी होतात, बॅरलच्या आतल्या आडव्या खाचांमध्ये शिरतात आणि या घसटीत पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर फाटून स्वच्छ धातू स्वच्छ धातूला भिडतो. पंच वर उचलला की तंतू आणि बॅरल दोघेही किंचित मागे उसळतात. तंतूंची उसळी बॅरलच्या उसळीपेक्षा जास्त असेल तरच आत दाब शिल्लक राहतो, आणि हवेला आत येऊ न देणारी जोडणी या शिल्लक दाबामुळेच टिकते.

आता क्रिम्पची उंची, म्हणजे दाबल्यानंतर बॅरलची उरलेली जाडी, टप्प्याटप्प्याने कमी करत गेलो तर काय होते? ओढ सहन करण्याची ताकद वाढत जाते, एका उंचीला शिखर गाठते आणि पुढे तंतू चेपून बारीक होऊ लागले की घसरते. विद्युत रोधाचा आलेख मात्र या शिखरावर येऊन थांबत नाही. तो त्यापुढेही, म्हणजे थोड्या अधिक घट्ट क्रिम्पपर्यंत उतरत जातो आणि मग सपाट होतो. त्यामुळे निव्वळ पुल टेस्टवर उंची ठरवणारा माणूस बहुधा विद्युतदृष्ट्या थोड्या सैल जागी थांबतो. उघड्या बॅरलच्या क्रिम्पमध्ये तांब्याचे छेदक्षेत्र साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटलेले असावे, असा ठोकताळा वापरला जातो. मात्र तो केवळ शोध सुरू करण्यापुरता धरावा.

यातली फसवी गोष्ट अशी, की थोडा सैल क्रिम्प नवा असताना मोजमापातही चांगलाच दिसतो. प्रवाह सुरू-बंद होताना तो तापतो आणि निवतो, तंतू सूक्ष्म प्रमाणात सरकतात, मोकळ्या राहिलेल्या फटींतून हवा आणि ओलावा आत जातो आणि ऑक्साइड पुन्हा तयार होतो. म्हणून निरनिराळ्या उंचीचे नमुने करून ते तापमानाच्या आवर्तनांतून काढावेत, आधीचा आणि नंतरचा रोध पाहावा आणि ज्या उंचीला तो हललेला नाही ती निवडावी.

उंची मोजताना साधा व्हर्निअर वापरू नये. क्रिम्पच्या तळाशी दोन्ही कडांना धातूची बारीक कोर आलेली असते आणि व्हर्निअरचा सपाट जबडा त्या कोरीवर टेकतो. एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला पात्यासारखा जबडा असलेला मायक्रोमीटर घेऊन क्रिम्पच्या लांबीच्या मध्यावर, म्हणजे मागच्या घंटेसारख्या फुगीर तोंडापासून दूर मोजावे. उंचीची मुभा अनेकदा ±०.०५ मिमी इतकीच असते. तिथे कोरीने केलेली चूक सगळे मोजमाप वाया घालवते.

शक्य असल्यास परत आलेल्या एका टर्मिनलचा आडवा छेद घेऊन, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तंतू अजून गोल दिसत असतील आणि त्यांच्यामध्ये काळे ठिपके असतील, तर उत्तर तिथेच मिळेल.

संपर्कबिंदू:

वरील विवेचन मला मान्य आहे. मात्र क्रिम्पला हात लावण्यापूर्वी उष्णता कुठे निर्माण होते ते निश्चित करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. या जोडणीत दोन संशयित आहेत: तार आणि बॅरल यांच्यामधला क्रिम्प, तसेच टर्मिनल आणि पाते यांच्यामधला संपर्क. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्यामुळे तपकिरी पडलेल्या इन्सुलेशनवरून दोषी कोण हे ठरवता येत नाही.

मल्टिमीटरने फरक न कळणे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या शलाकांचा स्वतःचाच रोध आपण शोधत असलेल्या रोधाच्या कितीतरी पट असतो. खरा १८ अँपिअरचा प्रवाह सोडून प्रत्येक भागावरचा मिलिव्होल्टचा उतार स्वतंत्र शलाकांनी मोजावा. तारेच्या बाजूची शलाका एखाद्या तंतूला टेकवून चालत नाही. क्रिम्पपासून काही अंतरावर इन्सुलेशन सोलून सगळे तंतू एकत्र बांधावेत, तिथे मोजावे आणि मधल्या तारेचा उतार वजा करावा. या जाडीच्या लवचिक तारेचा रोध मीटरला सुमारे ८ मिलिओहम असतो. म्हणजे २० मिमी तारेचा ०.१६ मिलिओहम झाला आणि चांगला क्रिम्प त्याच श्रेणीत असतो. १८ अँपिअरला तिथे ३ मिलिव्होल्टच्या आसपास उतार दिसायला हवा. तोच रोध ३ मिलिओहम झाला तर उतार ५४ मिलिव्होल्ट होतो आणि जवळपास एक वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत साठू लागते.

दोष पात्यावरच्या संपर्कात सापडला तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागेल. रॅग्नर होल्म यांनी विद्युत संपर्कांचा जो पायाभूत अभ्यास केला, त्यानुसार दोन पृष्ठभाग डोळ्यांना पूर्ण टेकलेले दिसले तरी प्रवाह मोजक्या सूक्ष्म बिंदूंमधूनच जातो. त्या बिंदूंवर एकवटल्यामुळेच बहुतेक संपर्करोध निर्माण होतो. कथलाच्या संपर्कावर ०.०७ व्होल्टचा उतार आला की त्या बिंदूंवरचा धातू मऊ पडू लागतो आणि ०.१३ व्होल्टच्या सुमारास तो वितळतो. वर काढलेले ५४ मिलिव्होल्ट या सीमेच्या किती जवळ आहेत ते पाहावे.

कथलाचा दुसरा शत्रू फ्रेटिंग. मोटरचा कंप किंवा तापण्या-निवण्यातले प्रसरण यांमुळे संपर्क काही मायक्रोमीटर पुढे-मागे सरकत राहतो. दर सरकण्यात ताजे कथील उघडे पडते, त्याचा ऑक्साइड होतो आणि त्या कठीण भुकटीचा काळसर डाग तयार होतो. त्यावर मोठा इलाज म्हणजे पुरेसा दाब. कथलाच्या संपर्कासाठी किमान १ न्यूटन धरण्याची पद्धत आहे. इथे पितळेचा स्वभाव आड येतो, कारण साधारण १०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याची स्प्रिंग हळूहळू ढिली पडते. फॉस्फर ब्रॉंझची स्प्रिंग जास्त टिकते, पण त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे १५ टक्के, तर पितळेची सुमारे २८ टक्के. म्हणूनच वाहकासाठी एक मिश्रधातू आणि दाबासाठी बाहेरून पोलादी स्प्रिंग अशी दोन तुकड्यांची टर्मिनल केली जातात. मला ती रचना फार समंजस वाटते.

तारतंतू:

डाखाबद्दल थोडे. क्रिम्पच्या आधी तंतूंना डाख लावू नये, कारण डाख दाबाखाली सावकाश वाहतो आणि शिल्लक दाब महिनोन्महिने कमी होत जातो. क्रिम्पनंतर दिलेला डाख तंतूंमधून चढून इन्सुलेशनच्या खाली शिरतो. तिथे लवचिक तारेचा कडक दांडा होतो आणि कंप असलेल्या यंत्रात तार त्या कडक भागाच्या टोकाशी वाकून वाकून तुटते. चांगल्या क्रिम्पला डाखाची गरज नसते, आणि वाईट क्रिम्पचा दोष डाखाखाली झाकला जातो, हे मला अधिक गंभीर वाटते. इन्सुलेशन सोलताना किती तंतू कापले किंवा ओरखडले जातात, हेही एकदा भिंगातून तपासावे.

अभिकल्पक:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे १८ अँपिअरवर मोजमाप केले. परत आलेल्या टर्मिनलच्या क्रिम्पवर ३० ते ४५ मिलिव्होल्टचा उतार आहे, तर नव्या क्रिम्पवर तो ३ मिलिव्होल्टच्या आत आहे. पात्यावरच्या संपर्काचा उतार नव्या-जुन्या दोन्हींमध्ये १० ते १४ मिलिव्होल्ट आहे. छेदामध्ये पंखांखालचे तंतू चेपलेले आहेत, पण खालच्या दोन्ही कोपऱ्यांतले तंतू जवळजवळ गोल असून त्यांच्याभोवती फटी दिसतात.

यातून एक नवीन अडचण उभी राहिली. क्रिम्पची उंची टर्मिनल उत्पादकाच्या तक्त्यानुसारच आहे आणि मोजल्यावर ती मुभेच्या आत आढळते. असे असताना फटी का राहाव्यात?

ऐरण:

मोजमापांमुळे दोष क्रिम्पमध्येच आहे हे स्पष्ट झाले. आता तारेकडे पाहावे. आयईसी ६०२२८ या मानकात तारेचा आकार नाममात्र असतो. बंधन असते ते कमाल रोधाचे. लवचिक २.५ चौरस मिमी तारेचा रोध किलोमीटरला ७.९८ ओहमच्या आत असला की ती मानकात बसते. शुद्ध तांबे वापरून ही अट थोड्या कमी धातूतही पूर्ण करता येते, त्यामुळे तारेतले प्रत्यक्ष तांबे २.५ चौरस मिमीपेक्षा कमी असू शकते. तक्त्यातली उंची उत्पादकाने एका विशिष्ट तारेवर ठरवलेली असते. आपल्या तारेत तांबे कमी असेल तर तीच उंची आपल्यासाठी सैल ठरते आणि फटी कोपऱ्यांत राहतात, कारण धातू तिथे सर्वांत शेवटी पोहोचतो.

एका तंतूचा व्यास मायक्रोमीटरने मोजा, तंतू मोजा आणि खरे छेदक्षेत्र काढा. त्यानंतर तक्त्यातल्या उंचीपासून ०.०५ मिमीच्या पायऱ्यांनी खाली उतरत प्रत्येक उंचीचे नमुने करा, त्यांना तापमानाची आवर्तने द्या आणि रोध, ओढ व छेद तिन्ही पाहा. ओढ शिखरापासून थोडी उतरली तरी २३० न्यूटनच्या बरीच वर असेल तर काळजीचे कारण नाही, कारण आपल्याजवळ तेवढी शिल्लक आहे. छेदात पंखांची टोके तळाच्या पत्र्याला टेकलेली किंवा पत्र्याला तडा गेलेला दिसला तर मात्र तिथेच थांबावे. अशा वेळी एक आकार लहान बॅरलचे टर्मिनल घेणे योग्य ठरेल.

उंची निश्चित झाल्यावर ड्रॉइंगमध्ये ती टर्मिनलच्या क्रमांकासोबतच तारेचा उत्पादक, तंतूंची संख्या आणि तंतूचा व्यास यांच्याशी बांधून लिहावी. तारेचा पुरवठादार बदलला की ही सगळी चाचणी पुन्हा करावी लागेल, अशी स्पष्ट नोंदही तिथेच असावी.